गाण्याचे साक्षीदार

साष्टी आणि वसई परिसरातील धर्मग्रामांच्या रौप्य, सुवर्ण व शतकमहोत्सवी स्मरणिका आम्ही गेली अनेक वर्षे आवर्जून वाचत आलो आहोत. चर्चच्या बांधकामाचा वृत्तान्त, प्रमुख धर्मगुरूंची नामावली आणि देणगीदारांच्या जाहिराती यांच्या जोडीला या स्मरणिकांत बहुधा एक लेख समाजाच्या गाण्याविषयी असतो. लग्नातील गाणी, उंबराच्या पाण्याची मिरवणूक, क्रूसाच्या सणाची प्रार्थनागीते, गायकवृंदाची परंपरा असे त्याचे विषय असतात. लेख जिव्हाळ्याने लिहिलेला असतो, यात शंका नाही. परंतु त्यातील एक विधान थोड्याफार फरकाने सर्वत्र आढळते. ते असे की, ही गाणी चारशे वर्षांपासून पिढ्यान्‌पिढ्या जशीच्या तशी चालत आली आहेत. या विधानाला आधार कोणता, हे लेखक सांगत नाही आणि संपादकही विचारीत नाही. पुढच्या महोत्सवात तेच विधान मागच्या स्मरणिकेच्या हवाल्याने पुन्हा छापले जाते. एखादी समजूत केवळ वारंवार छापली गेल्यामुळे इतिहास होऊन बसते, ती अशी.

या लेखनाची उपेक्षा करावी असे आम्हांस मुळीच वाटत नाही. समाजाच्या संगीताविषयी लिहिण्याची तळमळ ज्यांनी दाखविली ते हेच लोक आहेत. म्हणूनच त्यांच्या लेखनाची गंभीरपणे समीक्षा होणे आवश्यक आहे. आपल्या संगीताचा इतिहास लिहायचा तर त्याची मूळ साधने कोणती, ती कोठे मिळतात आणि मिळाल्यावर ती कशी वाचावीत, एवढाच प्रश्न येथे आम्ही विचारार्थ घेत आहोत.

विलेपार्ले हे उपनगर या बाबतीत मोठे बोलके उदाहरण आहे. पार्ले टिळक विद्यालय (१९२१), लोकमान्य सेवा संघ (१९२३), पुढे उभे राहिलेले दीनानाथ मंगेशकर नाट्यगृह यांच्यामुळे मराठी वाचकाच्या मनात पार्ल्याचे नाव नाटक आणि नाट्यसंगीत यांच्याशी जोडले गेले आहे. पु. ल. देशपांडे येथेच वाढले. त्या पार्ल्यातील एखाद्या अभ्यासकाला आपल्या आवडत्या संगीताचा इतिहास लिहायचा झाल्यास त्याच्या हाताशी ध्वनिमुद्रिका आहेत, नाटक मंडळ्यांच्या जाहिराती आहेत, नटांची आत्मचरित्रे आहेत आणि वृत्तपत्रांच्या जुन्या फायली आहेत. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी झालेल्या ‘संयुक्त मानापमान’चेच पाहा. बालगंधर्व आणि केशवराव भोसले एकाच रंगमंचावर उभे राहिले आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात केशवराव निवर्तले. त्या रात्रीविषयी असंख्य आठवणी सांगितल्या जातात. त्यांत भर पडत गेली असेलही. परंतु त्या आठवणी पडताळून पाहण्यासाठी त्या दिवसांची वृत्तपत्रे आहेत. आठवण आणि समकालीन नोंद यांत तफावत आढळली, तर निवाडा करण्याची सोय आहे.

याच पार्ल्याच्या गावठाणात आणि इर्ल्याच्या बाजूस रेल्वेच्याही आधीपासून राहत आलेली ईस्ट इंडियन कुटुंबे आहेत. त्यांच्या लग्नघरातही गाणे होते, त्यांच्या चर्चमध्येही गाणे होते. त्या गाण्यांची जाहिरात कोणी दिली नाही, त्यांच्यावर कोणी परीक्षण लिहिले नाही. एकाच स्टेशनावर उतरणाऱ्या दोन समाजांपैकी एकाच्या संगीताला साक्षीदार मिळाले आणि दुसऱ्याच्या संगीताला ते शोधावे लागतात, ही वस्तुस्थिती आहे. ती मान्य केल्यावाचून पुढे पाऊल टाकता येणार नाही.

मूळ साधन म्हणजे काय, याविषयी आपल्याकडे बराच गोंधळ दिसतो. जुने ते मूळ, असा एक समज आहे. वास्तविक साधनाचे मूळपण त्याच्या वयावर अवलंबून नसते. आपण त्याला कोणता प्रश्न विचारतो, यावर ते अवलंबून असते. १९७५ साली छापलेली स्मरणिका सतराव्या शतकातील गायनाविषयी सांगत असेल, तर ती ऐकीव माहिती होय. तीच स्मरणिका १९७५ साली त्या धर्मग्रामातील लोकांना आपल्या गाण्याविषयी काय वाटत होते, या प्रश्नाला मात्र प्रथम प्रतीचे साधन ठरते. त्या वर्षीच्या गायकवृंदाचे छायाचित्र आणि त्याखालील नावे यांचे मोल तर आजच्या कोणत्याही ग्रंथाहून अधिक आहे. तेव्हा या स्मरणिका फेकून देण्याच्या योग्यतेच्या नाहीत. त्यांना चुकीचे प्रश्न विचारले जातात, ही आमची तक्रार आहे.

चारशे वर्षांचा उल्लेख होतो तेव्हा बहुतेकांच्या मनात फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ असते. १५४९ साली इंग्लंडात जन्मलेले स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आले, तेथेच १६१९ साली निवर्तले. त्यांचा हा ओवीबद्ध ग्रंथ १६१६ साली राशोल येथे छापला गेला आणि १६४९ व १६५४ साली त्याच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. दोन भागांत मिळून सुमारे अकरा हजार ओव्या असलेल्या या ग्रंथाची त्या काळातील एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. आपण जो ग्रंथ वाचतो तो हस्तलिखित प्रतींवरून सिद्ध झालेला आहे. जे. एल. साल्ढाणा यांनी १९०७ साली मंगळूरहून रोमन लिपीत तो प्रसिद्ध केला. पुढे १९२०च्या दशकात जस्टिन ॲबट या अमेरिकन मिशनऱ्याने लंडनमधील मार्सडेन संग्रहातील देवनागरी हस्तलिखिताकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले आणि हाच मूळ पाठ होय, असे प्रतिपादन केले. १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी देवनागरी आवृत्ती काढली. रोमन आणि देवनागरी या दोन पाठांत शब्दयोजनेचा ठळक भेद आहे आणि मूळ कोणता, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. ज्या ग्रंथाची आपण इतक्या सहजतेने साक्ष काढतो, त्याच्या पाठाचाच प्रश्न असा गुंतागुंतीचा आहे, हे प्रथम ध्यानात घ्यावयास हवे.

आता या ग्रंथाला संगीताविषयी प्रश्न विचारून पाहू. तो ओवीत आहे; म्हणजे तो एकट्याने मनात वाचण्यासाठी रचलेला नाही, लोकांपुढे म्हणण्यासाठी रचलेला आहे, हे अनुमान रास्त ठरते. प्रायश्चित्तकाळात तो चर्चमधून आणि घरांतून गायिला जाई, अशी परंपराही आहे. एवढे झाल्यावर ग्रंथ गप्प होतो. कोणत्या चालीत गात, एक जण गाई की सगळे, साथीला काय असे, यांविषयी ओवीची मात्रासंख्या काहीही सांगत नाही. जात्यावरची ओवी, ज्ञानेश्वरीच्या पारायणातील ओवी आणि चर्चमधील ओवी या एकाच चालीत म्हटल्या जात होत्या, असे म्हणण्यास पुरावा नाही. म्हटल्या जात नव्हत्या, असे म्हणण्यासही नाही. संहिता टिकली म्हणजे चाल टिकली, असे मानणे हा आमच्या मते आपल्या लेखनातील सर्वांत मोठा दोष आहे.

दुसरा दोष भूगोलाचा. जुन्या पोर्तुगीज आणि येशूसंघीय कागदपत्रांत ‘सालसेत’ हे नाव वारंवार येते. गोव्यातील साष्टी, म्हणजे मडगाव-राशोलचा प्रदेश, आणि ठाण्याजवळची साष्टी, म्हणजे वांद्र्यापासून घोडबंदरापर्यंतचे आपले बेट, या दोहोंनाही हेच नाव होते. स्टीफन्स यांचे कार्य गोव्यातील साष्टीत झाले. तेथील एखाद्या पत्रातील गायनाचे वर्णन उचलून ते अंधेरी-पार्ल्याच्या नावावर जमा करणे फार सोपे असते. म्हणून ‘सालसेत’ हा शब्द दिसताच संशोधकाने थांबावे, आजूबाजूची गावांची नावे पाहावीत, पत्र कोठून लिहिले आहे ते पाहावे आणि मगच लेखणी उचलावी.

आपल्या साष्टीतील कागदपत्रे इतकी विरळ का, यालाही कारण आहे. १७३७ साली मराठ्यांनी ठाणे घेतले आणि १७३९ साली वसई पडली. उत्तर कोकणातील पोर्तुगीज सत्ता संपली, धर्मसंघांना येथून जावे लागले, अनेक चर्चे ओस पडली. १७७४ साली साष्टी इंग्रजांकडे गेली. एवढ्या उलथापालथीत कागद टिकणे कठीणच. पार्ल्यापासून हाकेच्या अंतरावर, आजच्या सीप्झच्या आवारात, कोंदिवटे येथील संत योहान बाप्तिस्मा यांच्या चर्चचे अवशेष उभे आहेत. १५७९ साली बांधलेले हे चर्च १८४० साली साथीच्या आजारामुळे सोडून देऊन वस्ती मरोळला हलली. अशा स्थलांतरात मूर्ती नेल्या जातात, घंटा नेली जाते. जीर्ण झालेली गायनाची वही कोण नेणार? ‘अखंड परंपरा’ हा शब्द लिहिताना हे खंड आपल्या डोळ्यांसमोर असले पाहिजेत. परंपरा तुटूनही पुन्हा जोडली गेली असेल, तर ती जोडण्याची कहाणी अखंडतेच्या दाव्यापेक्षा अधिक मोलाची आहे.

उत्तर कोकणापुरते बोलायचे तर स्टीफन्स यांच्यापेक्षा फादर फ्रान्सिस्को वाझ द गिमाराइश यांच्या पुराणाचा विचार अधिक व्हावयास हवा. सतराव्या शतकातील हे पुराण ख्रिस्ताच्या दुःखसहनाचे. एकोणिसाव्या शतकात त्याची मुंबईत रोमन लिपीत पुनर्मुद्रणे झाली आणि आपल्या भागातील घराघरांतून प्रायश्चित्तकाळात ते म्हटले जात असे. येथे शोधकाला एक चांगली वाट सापडते. पुस्तकाचे पुनर्मुद्रण होते याचा अर्थ त्याला गिऱ्हाईक होते. त्यातही एखाद्या घरात अशी प्रत आजही असेल, तर तिचे खरे मोल छापील मजकुरात नसून समासात आहे. कोठे थांबायचे याची खूण, कोणत्या दिवशी कोणता भाग म्हणायचा याची नोंद, मालकाचे नाव, मेणबत्तीचे डाग लागून मळलेली पाने आणि कोरी राहिलेली पाने, या सर्व साक्षी आहेत. कोणते पान वारंवार उघडले गेले, हे पुस्तक स्वतःच सांगते.

एकोणिसाव्या शतकाकडे वळताना नावाचा एक अडसर येतो. ‘ईस्ट इंडियन’ हे नाव समाजाने १८८७ साली आपल्या संघटनेच्या स्थापनेबरोबर रूढ केले. त्याआधीच्या सरकारी कागदांत या नावाने आपला समाज शोधणाऱ्याच्या हाती काही लागणार नाही. तेथे ‘नेटिव्ह ख्रिश्चन’, ‘पोर्तुगीज’ किंवा नुसते ‘ख्रिश्चन’ अशा शब्दांखाली आपण विखुरलेले आहोत. कॅम्बेल यांच्या संपादकत्वाखाली १८८२ साली निघालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये या समाजाचे तपशीलवार वर्णन आहे. ते उपयुक्त आहे. परंतु राज्यकर्त्याच्या डोळ्यांनी पाहिलेले आहे. बाहेरच्या माणसाला जे चमत्कारिक वाटले ते त्याने टिपले आणि जे नित्याचे होते ते बहुधा त्याच्या कानांवरून निघून गेले.

याच्या उलट जी. एफ. डिपेन्हा यांचे काम. १८८०च्या दशकाच्या अखेरीपासून त्यांनी ‘इंडियन अँटिक्वरी’ या नियतकालिकात साष्टीतील लोककथा क्रमाने प्रसिद्ध केल्या. समाजातल्याच एका माणसाने, समाजातल्याच म्हाताऱ्याकोताऱ्यांकडून ऐकून, नियतकालिकातून छापून ठेवलेला हा ठेवा आहे. त्या काळात हे काम हाती घेण्याची दृष्टी असलेला हा गृहस्थ आपल्या समाजात आज जवळजवळ विस्मरणात गेला आहे, याचा आम्हांस खेद वाटतो. तरीही साधन म्हणून त्याची मर्यादा सांगितलीच पाहिजे. कथा इंग्रजीत सांगितल्या आहेत. इंग्रजी वाचणाऱ्या विद्वानांसाठी सांगितल्या आहेत. आणि सांगणाऱ्याचा आवाज, त्याची लय कागदावर उतरलेली नाही. कथेच्या इतिहासाला हे साधन उत्तम, गाण्याच्या इतिहासाला अपुरे. एकाच साधनाविषयी ही दोन्ही विधाने खरी असू शकतात. एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात ‘अँटिक्वरी’चे जुने खंड आहेत आणि आता संगणकावरही ते वाचावयास मिळतात. पार्ल्याहून लोकलने चर्चगेटला जाण्याचे कष्टही आता उरलेले नाहीत. कुतूहल तेवढे हवे.

गाण्याच्या शब्दांतून त्याचा काळ ठरविण्याचा प्रयत्न आपल्याकडे नेहमी होतो. गाण्यात ‘क्रूस’ किंवा ‘पाद्री’ हा शब्द आला, की ते पोर्तुगीज काळातले ठरते. हा युक्तिवाद टिकणारा नाही. हे शब्द पोर्तुगीजांकडून आले हे खरे; पण ते आपल्या रोजच्या बोलण्यात आजही आहेत. काल रचलेल्या गाण्यातही ते येतील. याउलट लग्नाच्या गाण्यात आगगाडीचा उल्लेख असेल, तर तेवढे कडवे १८५३ च्या आधीचे नाही, असे निश्चित म्हणता येते. कारण त्या वर्षी मुंबई-ठाणे रेल्वे सुरू झाली. आपल्या बाजूला, म्हणजे बी. बी. सी. आय. रेल्वेच्या मार्गावर, विरारपर्यंत गाडी १८६७ साली धावली. परंतु त्यावरूनही संपूर्ण गाणे त्या काळानंतरचे ठरत नाही. लग्नगीत हे नवनवीन कडवी पोटात घेत वाढणारे गाणे आहे. शब्दांची तारीख ही कडव्याची तारीख आहे, गाण्याची नव्हे. आणि चालीची तर मुळीच नव्हे.

चर्चमधील गायनाकडे आलो म्हणजे साधनांचा प्रकार बदलतो. येथे आदेश आहेत, ग्रंथ आहेत, तारखा आहेत. २२ नोव्हेंबर १९०३ रोजी पोप दहावे पायस यांनी चर्चमधील संगीताविषयी आदेश काढला. ग्रेगोरियन गायनाला अग्रस्थान द्यावे, चर्चमध्ये पियानो वाजवू नये, बँडला मज्जाव असावा, गायकवृंदात स्त्रिया असू नयेत, असे त्यात म्हटले होते. आमच्या वाचनातील काही लेखांत हा आदेश उद्धृत करून ‘म्हणून आपल्याकडे केवळ ग्रेगोरियन गायन होत असे’ असा निष्कर्ष काढलेला आहे. आदेश काय व्हावे ते सांगतो. काय होत होते ते सांगत नाही. किंबहुना ज्या गोष्टीला मनाई करावी लागते ती कोठे ना कोठे घडत असते, हे साधे व्यवहारज्ञान आहे. आपल्या धर्मग्रामात तो आदेश पाळला गेला का, हे रोमच्या कागदावरून कळणार नाही. त्यासाठी १९२० वा १९३०च्या दशकातील गायकवृंदाचे एखादे छायाचित्र हवे, त्यात पोलक्यातल्या स्त्रिया आहेत की नाहीत हे पाहावयास हवे. सणाच्या मिरवणुकीत बँडला किती पैसे दिले याची हिशेबाच्या वहीतील नोंद हवी. हिशेबाची वही अभिमानाने लिहिलेली नसते, म्हणूनच ती विश्वसनीय असते. ऑर्गनच्या दुरुस्तीला अमुक रुपये, असे लिहिणाऱ्या माणसाला पुढच्या पिढीवर छाप पाडावयाची नव्हती.

द्वितीय व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनाविधीविषयक दस्तऐवज प्रसिद्ध केला. लोकभाषेला स्थान मिळाले आणि ज्या देशांना स्वतःची संगीतपरंपरा आहे तेथे तिचा मान राखावा, असे त्यात स्पष्ट म्हटले गेले. मराठी गायन चर्चमध्ये आले, तबला-पेटी आली. हा आनंदाचा क्षण होता. परंतु त्याच क्षणी लॅटिन गायनाची पुस्तके निरुपयोगी ठरली. पुस्तके गेली त्याचे एवढे दुःख नाही, कारण छापील लॅटिन ग्रंथ जगात अन्यत्र मिळतील. त्यांच्याबरोबर हातांनी उतरलेल्या स्वरलिपीच्या वह्या गेल्या, लॅटिन शब्दांखाली देवनागरीत लिहिलेले उच्चार गेले, गायकांच्या हजेऱ्या गेल्या. उपनगरातील एका चर्चमध्ये माडीवरचे जुने कपाट रिकामे करताना अशा वह्यांचा गठ्ठा रद्दीच्या भावाने गेल्याचे आम्ही ऐकून आहोत. कोणाच्या मनात दुष्टावा नव्हता. त्या कागदांना कोणी प्रश्न विचारील, हे कोणाच्या ध्यानी आले नव्हते, इतकेच. संगीताच्या इतिहासाची साधने बहुतेक वेळा अशीच जातात. आगीपेक्षा स्वच्छतेच्या मोहिमेत त्यांचा नाश अधिक होतो.

ध्वनिमुद्रिका आली म्हणजे सर्व प्रश्न सुटले, असे काहींना वाटते. १९०२ साली फ्रेड गैसबर्ग यांनी कोलकात्यात गौहरजान यांचे गायन मुद्रित केले, तेव्हापासून आपल्या देशातील गळे आपल्याला ऐकता येतात, ही मोठीच गोष्ट आहे. पण त्या तबकडीवर सुमारे तीन मिनिटांचेच गाणे मावत असे. तासभर चालणारे गाणे तीन मिनिटांत बसविले, तेव्हा जे उरले ते गाणे होते की गाण्याचा नमुना? शिवाय जे मुद्रित झाले नाही त्याचे काय? भास्करबुवा बखले यांच्यासारख्या थोर गायकाची ध्वनिमुद्रिका नाही; ते आपल्याला कळतात ते बालगंधर्व, मास्टर कृष्णराव अशा शिष्यांच्या गळ्यातून. ध्वनिमुद्रिकेच्या अभावी संगीत नव्हते, असे तेथे कोणी म्हणत नाही. मग तोच न्याय आपल्या गावठाणांना का लागू नये? तबकडी हाती आलीच, तर तिच्या लेबलावरील नावाबरोबर मधल्या गुळगुळीत भागावर कोरलेला क्रमांकही उतरवून घ्यावा. लेबल विक्रीसाठी असते, क्रमांक कारखान्यासाठी असतो; मुद्रणाची तारीख त्यावरून शोधता येते. मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेने आणि मायकेल किनियर यांच्यासारख्या सूचीकारांनी या पद्धतीने केवढे काम उभे केले, हे पाहण्यासारखे आहे.

कागद नाही, तबकडी नाही, अशा ठिकाणी माणसे उरतात. माणसांच्या तोंडून इतिहास कसा लिहावा याचा एक वस्तुपाठ आपल्या अगदी जवळचा आहे. मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीतात व्हायोलिन, ट्रंपेट, सॅक्सोफोन वाजविणारे कितीतरी वादक गोव्यातील कॅथलिक होते. धर्मग्रामाच्या शाळेत त्यांनी स्वरलिपी शिकली आणि मुंबईच्या स्टुडिओत तिच्यावर पोट भरले. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत त्यांची नावे येत नसत. ग्रेगरी बूथ या अभ्यासकाने या वादकांच्या दीर्घ मुलाखती घेतल्या आणि त्यांवर ‘बिहाइंड द कर्टन’ हा ग्रंथ २००८ साली प्रसिद्ध केला. प्यारेलाल यांचे गुरू अँथनी गोन्साल्विस यांचे नाव १९७७ सालच्या ‘अमर अकबर अँथनी’मुळे घरोघरी पोहोचले, पण त्या नावामागे मजोर्ड्याचा एक खराखुरा व्हायोलिनवादक आणि संगीतसंयोजक होता, हे अनेकांना अशाच कामांमुळे कळले. बूथ यांच्या ग्रंथाचा गुण आम्हांस असा वाटतो की, त्यांनी एका माणसाच्या आठवणीला दुसऱ्याच्या आठवणीशेजारी ठेवले आणि दोघांचे जमत नसेल तर तेही वाचकापुढे मांडले. आठवण खोटी म्हणून टाकली नाही आणि खरी म्हणून डोक्यावरही घेतली नाही.

आमच्या तरुण अभ्यासकांनी हे काम पार्ल्यात, इर्ल्यात, मरोळला, आंबोलीला करावे. आजीला ‘तुमची जुनी गाणी सांगा’ असे विचारू नये. त्याला ती पुस्तकात छापण्याजोगे उत्तर देईल. ‘हे गाणे तू कोणाकडून शिकलीस? कोणाच्या लग्नात पहिल्यांदा म्हटलेस? तेव्हा वाजवायला कोण होते?’ असे विचारावे. लग्नाचे वर्ष विवाहनोंदवहीत मिळते. आजीची आठवण आणि चर्चची वही तेथे एकमेकींना भेटतात. गाणे एकदा ऐकून समाधान मानू नये. महिन्याने पुन्हा ऐकावे आणि काय बदलले ते नोंदवावे; कारण जे बदलते आणि जे बदलत नाही त्यांतच परंपरेचे मर्म असते.

याच संदर्भात पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०-१९३६) यांचे स्मरण होते. वकिलीचे शिक्षण घेतलेल्या या माणसाने देशभर हिंडून हस्तलिखिते पाहिली, घराण्यांच्या उस्तादांकडून शेकडो चिजा मिळविल्या आणि स्वरलिपीत छापून सर्वांसाठी खुल्या केल्या. ऐकीव गोष्टींवर त्यांनी विश्वास ठेवला नाही. ग्रंथकाराला आणि गवयालाही त्यांनी साक्षीदारासारखे उलटसुलट प्रश्न विचारले. हा त्यांचा मोठेपणा. परंतु त्यांना संगीताची एक सुसूत्र व्यवस्था उभारायची होती आणि व्यवस्थेत न बसणाऱ्या पाठांना ती व्यवस्था थोडे वाकवून घेते. त्यांच्यावरील टीकेचा गाभा हाच आहे. आपल्या गाण्यांच्या बाबतीत हा मोह अधिक घातक ठरेल. आपली बोली अशुद्ध आहे, असे शाळेने आपल्याला शिकविले. म्हणून गाणी उतरविताना आपले लेखक ती प्रमाण मराठीत आणतात, लाजिरवाण्या वाटणाऱ्या ओळी गाळतात, अर्थ न लागणारा शब्द बदलून अर्थ लागणारा घालतात. अर्थ न लागणारा शब्द हाच कदाचित सर्वांत जुना साक्षीदार असेल! त्याचे तोंड आपणच बंद करतो. गाणे जसे ऐकले तसे उतरवावे. शुद्ध करण्याची हौस असेल तर ती दुसऱ्या कागदावर भागवावी.

हा सगळा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. गाणे गावे, इतिहास कशाला? आमचे उत्तर असे की, ज्या समाजाची गावठाणे उंच इमारतींच्या वेढ्यात सापडली आहेत त्याला आपण येथे कधीपासून आणि कसे राहत आलो, हे सांगण्याची पाळी वारंवार येते. अशा वेळी फुगवलेला पुरावा कामास येत नाही. उलट एक दावा खोटा ठरला की खरे दावेही संशयास पात्र होतात. ‘चारशे वर्षे’ म्हणण्यापेक्षा ‘१९३४ साली आजीच्या लग्नात हे गाणे म्हटले गेले, तिने ते आपल्या मावशीकडून घेतले होते’ हे वाक्य लहान आहे, पण ते कोणालाही खोडता येणार नाही. शंभर घरांतून अशी शंभर वाक्ये गोळा झाली, तर तो इतिहास होईल.

या त्रैमासिकाच्या वाचकांपाशी त्या इतिहासाची साधने आहेत. जुन्या ट्रंकेत ठेवलेली पुराणाची प्रत, १९६४ च्या मुंबईतील युखॅरिस्ट काँग्रेसच्या वेळचा एखादा कागद, वडिलांची गायनाची वही, लग्नाच्या बँडचा फोटो. कागदामागे पेन्सिलीने एवढेच लिहावे: हा कोणाचा, कोठे सापडला, त्यातील माणसे कोण आणि हे मला कोणी सांगितले. शेवटचा तपशील सर्वांत महत्त्वाचा आहे. त्याच्यावाचून कागद मुका राहतो. तो असला म्हणजे पन्नास वर्षांनंतरचा अभ्यासक त्याच्याशी बोलू शकेल.